विधवा ओळ

ओळ क्रमांक अकराशे चाळीस.
डाव्या रकान्यात मूळ शब्द, उजव्यात
आधीच्या कुणा एजन्सीनं भरून ठेवलेलं मराठी:
'विधवा नियंत्रण'.
शेजारी चौकट, चौकटीत बरोबरची खूण.
म्हणजे हे नियंत्रण मुळातच चालू असतं.

सुदामा नगर, दुपारचे साडेतीन.
मी मोठ्यानं वाचत होते,
कानावर पडल्याशिवाय चुका सापडत नाहीत.
मालूमावशी शेव-परमलची वाटी घेऊन दारात.
"काय वाचून राहिली गं? कुणाचं नियंत्रण?"

मी सांगितलं: परिच्छेदाची शेवटची ओळ
पुढच्या पानावर एकटीच गेली
की तिला तिकडे असं म्हणतात.

मावशी एकोणतिसाव्या वर्षी एकटी झाली.
मग बत्तीस वर्षं सिंचन खात्यात टायपिंग, हिंदीतून.
म्हणाली, "आमच्याकडे तिला नाव नव्हतं.
वरची एक ओळ तिच्याबरोबर खाली घ्यायची. सोबतीला."

मी 'विधवा नियंत्रण' खोडलं.
लिहिलं: 'ओळीला सोबत'.
अक्षरमर्यादेत बसलं, हे विशेष.

पुण्याहून हर्डीकरांचा शेरा आला:
'सोबत' भावनिक वाटतो.
'विधवा' शब्दावलीत मंजूर आहे.
शिवाय एकूण मजकुरावर हिंदीची छाया,
भाषांतरकार कोणत्या भागातल्या, कृपया कळवावे.

मदतीला एक घुबड आहे, चष्मा लावलेलं.
तिकडे ते शहाणं.
इकडे मावशी त्याला गॅलरीतून हाकलते.
त्याबद्दल दोनदा लिहिलं,
तर त्याला फेटा बांधून पाठवलं.

मंगळवारी नकाशा.
घड्याळाची वेळ निवडायला एवढासा नकाशा
आणि उत्तरेला तुटक रेघ.
डब्लिनची ग्रान्या विचारते, इतकी बारीक रेघ कोण बघतं?
मी लिहिलं: आधी कस्टमवाले,
मग वकील,
आणि त्या दोघांच्याही आधी
दुकानासमोर दगड घेऊन उभी राहिलेली पोरं.
तिचं उत्तर बराच वेळ आलं नाही.
तिच्या बेटावरही एक रेघ आहे,
हे मला रात्री भांडी घासताना आठवलं.
सकाळी तीन नकाशे तयार होते,
ज्या देशात उघडाल, त्या देशाच्या मनासारखा.
मी तिन्हींवर 'तपासले' लिहिलं.

शुक्रवारी चाचणी.
भाषा: मराठी.
राज्य: महाराष्ट्र. आपसूक भरलेलं, राखाडी,
बोटानं कितीही दाबा, बदलत नाही.
पिनकोड टाकला, चार पाच दोन शून्य शून्य नऊ.
लाल अक्षरं:
'हा पिनकोड तुमच्या राज्यात नाही.'

वाक्य माझंच. ओळ दोनशे सहा.
गेल्या महिन्यात केलेलं,
हर्डीकरांनी एकही खूण न करता पास केलेलं.

मावशी खांद्यावरून वाचत होती.
"मग भाषा हिंदी करून टाक. फॉर्म तर भरला जाईल."
थोडं थांबून, "मी तेच केलं."

तक्रार लिहिली, सगळी, मुद्देसूद:
की पणजोबा इथे होळकरांच्या कचेरीत कारकून होते,
की आम्ही घरात असंच बोलतो,
करून राहिलो, जाऊन राहिलो, आणि ते बोलणं
कुणाच्या छायेत नाही, आमच्याच उन्हात आहे.
मग उन्हाचं वाक्य काढलं.
तक्रारीत असलं काही शोभत नाही.
तासाभरात उत्तर:
'हे अपेक्षेप्रमाणेच चालत आहे.' प्रकरण बंद.

तरी कागदावर असावी म्हणून प्रिंट काढली.
ती चौकट मी रागानं कधीतरी रिकामी केली होती,
विसरले होते.
पहिलं पान गच्च भरलेलं.
दुसऱ्यावर अगदी वर, एकच ओळ:
लोकमान्य नगरजवळ, इंदूर, म. प्र.

मावशीनं पदरानं चष्मा पुसला,
कागद उजेडात धरला.
"वरची एक घे ना खाली," म्हणाली,
"पुन्हा काढ."